अध्यक्षांच्या नावाचं पत्र

"सही मनोंग क्रिसांतोलाच करावी लागेल, मनांग," टपालवाला आगापितो बोलून गेला आणि बोलल्या बोलल्या त्यानं जीभ चावली.

इलारिया वाळवणावरच्या तारल्या उलथत होती. हाताला कोपरापर्यंत मीठ, डोक्यावर नवऱ्याची जुनी गवती टोपी. सबंध गावाची ती मनांग, म्हणजे थोरली बहीण, जसा तिचा नवरा मनोंग, म्हणजे थोरला भाऊ; आणि गावातल्या प्रत्येकानं तिच्या तोंडचा प्रसाद कधी ना कधी खाल्लेला. आगापितो सायकल धरून वाळूत उभा राहिला आणि आता आपली पाळी आली म्हणून त्यानं खांदे पाडले.

"मी नाही म्हणत," तो घाईनं म्हणाला. "पाकिटावर छापलंय. श्री. क्रिसांतो बेलोनिओ, अध्यक्ष. आणि खाली, स्वतः स्वीकारावे. सरकारी आहे. मी तरी काय करू?"

"तू काय करणार! आण इकडं. तो घरात असताना तरी त्यानं कधी टपालावर सही केली होती? पेन हातात धरलं की घाम फुटायचा त्याला."

"पण पुस्तकात काय लिहू?"

"बाहेर गेलाय, बायकोनं घेतलं, असं लिही."

आगापितोनं तसंच लिहिलं. पाच वर्षांपूर्वीच्या वादळात त्याचाही मेहुणा गेला होता, त्यामुळं बाहेर जाणं म्हणजे काय हे त्याला समजावून सांगायला नको होतं. तिनं दिलेली सुक्या मासळीची जुडी त्यानं सायकलला अडकवली आणि मागं वळून न बघता तो निघून गेला.

इलारियानं हात धुतले, पुसले, आणि पाकीट नुसतं धरून बसली. पाच वर्षांत तिच्याखेरीज तिच्या नवऱ्याचं पुरं नाव कुणी घेतलं नव्हतं. पाद्री 'बिचारा क्रिसांतो' म्हणायचा, बायका 'तुझा माणूस' म्हणायच्या, आणि त्याचा जिवाभावाचा दोस्त बेल्त्रान तर नावच घ्यायचा नाही. इथं मात्र ते काळ्या शाईत ठसठशीत छापलेलं होतं, पुढं श्री., मागं अध्यक्ष. डोळ्याचं पातं लवेपर्यंत इलारियाला फार बरं वाटलं. तो आहे असं धरून चालणारं कुणीतरी शहरात होतं.

मग तिनं पाकीट फोडलं.

पत्र दोन पानी होतं आणि इंग्रजीत होतं, पण बावीस वर्षं मच्छीमार मंडळीची सचिव असल्यामुळं तिला ते एका वाचनात कळलं. मंडळीनं पाच वर्षांची वार्षिक विवरणपत्रं भरलेली नाहीत. प्रत्येक वर्षाचा दंड वेगळा, वर उशिराच्या प्रत्येक दिवसाचा आणखी वेगळा. नोव्हेंबर संपायच्या आत पाचही विवरणपत्रं आणि दंड कचेरीत पोचला नाही, तर मंडळीची नोंदणी रद्द. आणि ह्या सगळ्याचा खुलासा श्री. क्रिसांतो बेलोनिओ ह्यांनी करायचा होता.

नोंदणी रद्द म्हणजे मंडळी नाही. मंडळी नाही म्हणजे तिच्या नावावरची पुळण कुणाचीच नाही. होड्या लागायची जागा, जाळी विणायची छपरी, हे वाळवण, सगळं त्या एका कागदावर उभं होतं. पलीकडची पुळण एका रिसॉर्टवाल्यानं घेऊन वर्ष झालं होतं. त्याचं बांबूचं कुंपण दर महिन्याला चार हात अलीकडं सरकत होतं आणि विचारायला गेलं की त्याचा माणूस हसून थंड सरबत द्यायचा.

हे सगळं इलारियाला ठाऊक होतं. गावाला ठाऊक नव्हतं ते वेगळंच. दर जानेवारीत ती चांगला झगा घालून, कागदांची पिशवी काखेत मारून लाँचनं इलोइलो शहरातल्या कचेरीत जायची, आणि संध्याकाळी परत आल्यावर कुणी विचारलं तर म्हणायची, "भरलं."

भरलेलं नव्हतं. पाचही वर्षांचे कागद तिच्या खाटेखाली बिस्किटांच्या डब्यात होते. मंडळीचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, सगळं तिच्या वळणदार अक्षरात. त्यानंतर 'सध्याचे पदाधिकारी' असा रकाना होता. त्यातली पहिली ओळ अध्यक्षाची. पाचही कागदांवर लिहिणं तिथंच थांबलं होतं.

बाहेरच्याला हा नुसता कामचुकारपणा वाटेल. पण कागदाच्या तळाला छापलेलं असतं, की वरची माहिती खरी आहे असं मी शपथेवर सांगते. त्याचं नाव लिहावं तर देवाच्या नावानं खोटं बोलल्यासारखं. न लिहावं तर तिनं स्वतःच्या हातानं त्याला मारल्यासारखं. कचेरीच्या पायऱ्यांवर बसून ती दुपारपर्यंत विचार करायची आणि मग उठून सुया, दोरा, डोकेदुखीच्या गोळ्या असलं काहीतरी घेऊन परतीची लाँच धरायची.

आणि तिला यादीचंच भय बसलं होतं. वादळाची वर्दी आली त्या सकाळी मंडळीच्या दोन मोठ्या होड्या मागच्या बेटाच्या खाडीत आडोशाला न्यायच्या ठरल्या. अशा वेळी नेहमी न्यायचे. "पाळीनं चौदा नावं काढ," क्रिसांतो म्हणाला आणि तिनं काढली. बेल्त्रानला ताप होता. क्रिसांतोनं तिच्या हातातलं पेन घेतलं, बेल्त्रानचं नाव खोडलं आणि वाकड्यातिकड्या अक्षरात आपलं लिहिलं. त्या यादीतलं तेवढं एक नाव तिच्या अक्षरात नव्हतं. चौदांपैकी कुणी आलं नाही. होडीला बाजूनं बांधलेली उलांडी नाही, वल्हं नाही, सदऱ्याची चिंधीसुद्धा लाटेनं कुठल्या किनाऱ्याला टाकली नाही.

पत्र तिनं डब्यात टाकलं. चार दिवस तिला झोप नव्हती. पाचव्या दिवशी तिनं डबाच काखेत मारला आणि तालुक्याच्या वकिलाकडं गेली.

वकील पालमारेस भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा खात होते. त्यांनी पत्र वाचलं, पाच अर्धे कागद एकापाठोपाठ एक बघितले, आणि शेंगांची बशी बाजूला सारली.

"पाच वर्षं, मनांग?"

"पाच."

"तुम्ही आजवर एक दिवस उशीर केला नव्हता. तुमचे कागद मी इतर संस्थांना नमुना म्हणून दाखवायचो."

"मारायचंय तर मारा वकीलसाहेब, पण हळूहळू नको."

पालमारेस हसले नाहीत. "दंडाचं होईल काहीतरी. वादळातली गावं म्हणून अर्ज केला तर कमी करतात. अडचण दुसरीच आहे. नवे पदाधिकारी निवडायला सभा लागेल. तुमचे सभासद किती?"

"तीस."

"त्यातले निम्म्याहून जास्त हजर पाहिजेत. सोळा. किती येतील?"

"चौघं परदेशात आहेत. मला धरून बारा."

"आणि उरलेले चौदा..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "ते अजून तुमच्या पटावर आहेत?"

"मग कुठं जातील?"

वकिलांनी खिडकीबाहेर बघितलं. "तर मग बारानं सभा होणार नाही. पटावरून आठ नावं कमी झाली, की बावीस उरतात, मग बारा पुरतात. बुडालेल्या होडीतल्या माणसाचा चार वर्षं पत्ता लागला नाही, तर कायदा त्याला गेला असं धरतो. प्रेत मागत नाही. फक्त घरातल्या कुणीतरी तसं म्हणावं लागतं. सही करून."

"कायदा धरतो ना? मग कायद्यालाच सही करायला सांगा."

"मनांग," ते म्हणाले, "कायद्याला नवरा नसतो."

जाताना त्यांनी चौदा छापील जबाब दिले. मधे एक मोकळी जागा, तिथं नाव घालायचं. फी विचारली तर ते शेंगा खायला लागले.

गावात आल्यावर तिनं पहिल्यांदा बेल्त्रानला सांगितलं. तो मंडळीचा उपाध्यक्ष, जाळ्याचं भोक सांधत छपरीत बसला होता. सगळं ऐकून झाल्यावर त्यानं सुई खाली ठेवली.

"म्हणजे दर जानेवारीला तू नुसती लाँचची हवा खाऊन येत होतीस?"

"हो."

"आणि आम्ही मूर्ख तुला बंदरापर्यंत पोचवायला येत होतो. परवाच त्या रिसॉर्टवाल्याच्या माणसाला मी म्हटलं, आमचे कागद काचेसारखे स्वच्छ आहेत. छातीवर हात मारून म्हटलं!"

"मला काढा सचिवपदावरून."

"काढतो की. आणि कुणाला बसवू? मला? इंग्रजीतलं माझं नाव मला तू वाचून दाखवतेस." त्यानं सुई उचलली, पण दोरा काही नेढ्यात जाईना. तो दोऱ्याकडं बघतच म्हणाला, "मला आधी सांगायचं होतंस. मीही आलो असतो पायरीवर बसायला."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. कुणी बोललं, कुणी बोलायचं टाकलं. दुकानदार एपिफानिया गिऱ्हाइकांदेखत म्हणाली, "तरीच! एवढी मोठी पिशवी नेऊन बाई गोळ्यांचं पाकीट घेऊन यायची." इलारियानं मान खाली घालून ऐकून घेतलं. चूक तिची होती आणि तिला ती कमी करून सांगायची नव्हती. दंडासाठी मंडळीचं जुनं इंजिन विकायचं ठरलं, तेव्हाही ती भिंतीशी उभी होती.

मग ती चौदा जबाब घेऊन दारोदार फिरली.

पहिली सही सोपी गेली. इंदाय कोरासोन तिशीतली, नवरा त्या चौदांतला; तिनं तीन वर्षांपूर्वी एका ट्रकवाल्याशी संसार मांडला होता. कडेवर मूल, हातात पळी. तिनं पळी तोंडात धरली आणि सही केली.

"वाचून तरी बघ गं."

"वाचायचंय काय, मनांग? मी त्याला केव्हाच निरोप दिला. स्वप्नात येऊन उभा राहायचा, अंगातून पाणी निथळत. मी म्हटलं, बाबा, एक तर पुरता ये, नाही तर पुरता जा. तेव्हापासून आला नाही." मग ती कढईकडं वळली आणि पाठमोरीच म्हणाली, "कधी कधी वाटतं, उगाच बोलले."

आठवड्यात सात सह्या झाल्या. उरलेल्या घरांत मात्र तिला पाणी विचारायचे, बसायला बाकडं द्यायचे आणि कागदाला हात लावायचे नाहीत. सगळीकडं तोच प्रश्न, कुठं डोळ्यांनी, कुठं तोंडानं. तो सरळ विचारला तो लोला बिसिंगनं.

लोला म्हणजे आजी; ही चौऱ्याऐंशी वर्षांची, दात एकही नाही आणि जीभ तलवारीसारखी. तिचा धाकटा मुलगा दोमिनादोर त्या चौदांत होता. ती उंबऱ्यात बसून सुपारी कुटत होती.

"मेला म्हणून सही करू? आणि उद्या तो दारात आला म्हणजे? त्याला म्हणू, थांब बाबा, कागद बदलून आणते?"

"लोला, पुळण जाईल. होड्या कुठं लावायच्या पोरांनी?"

"ते मला कळतं. वय झालं म्हणून अक्कल नाही गेली." तिनं खलबत्ता थांबवला. "चौदा कागद आणलेस म्हणे. दाखव बघू. ह्यात तुझ्या नवऱ्याचा कुठंय?"

इलारियानं तो काढून दाखवला. कोरा होता.

"असं होय! लोकांची माणसं पुरायला निघालीस, आणि स्वतःच्या माणसाला रोज रात्री भात वाढून ठेवतेस. मला काय दिसत नाही? तुझं स्वयंपाकघर माझ्या खिडकीसमोर आहे. रोज दोघांचा भात. रोज ताटावर झाकण."

हे खरं होतं. त्या गावात मेलेल्यांना अन्न ठेवतात ते देवाच्या फळीवर, आणि ते उघडं ठेवतात, त्यांना वास मिळावा म्हणून. झाकून ठेवतात ते उशिरा येणाऱ्यासाठी. इलारियाकडं निळ्या काठाचं एक इनॅमलचं ताट होतं, काठाचा एके ठिकाणी टवका उडालेला. पाच वर्षं ते रोज रात्री टेबलावर झाकून ठेवलेलं असायचं आणि सकाळी त्यातला भात कोंबड्या खायच्या. दाराकडं पाठ करून चुलीशी बसलं की कधी कधी तिला बांबूच्या पायरीचा आवाज यायचा, पहिल्या पायरीचा, मग दुसऱ्या. तिसऱ्या पायरीचा कधी आला नाही. ती मागं वळून बघत नसे.

"आधी तुझी सही आण," लोला बिसिंग म्हणाली. "मग माझ्या दारात ये. तरी मी करीन असं नाही हं. पण तुझं ऐकून तरी घेईन."

घरी येऊन इलारियानं कागद टेबलावर ठेवला, पेन ठेवलं आणि तशीच बसली. थोड्या वेळानं उठून तिनं भात टाकला. दोघांचा टाकला.

मंडळीची वार्षिक सभा दोन नोव्हेंबरला दफनभूमीत भरते. नियमावलीतच तसं लिहिलंय. सर्व मृतांच्या दिवशी दूरदूरची माणसं आपापल्या थडग्यांवर मेणबत्त्या लावायला गावात येतात. एरवी अर्धे समुद्रावर, अर्धे बाजारात. जुन्या जाणत्यांनी विचार केला, की माणसं जिथं आपणहून जमतात तिथंच सभा घ्यावी. त्यामुळं लहानपणापासून सगळ्यांनी मंडळीचा कारभार थडग्यांवर बसूनच पाहिलेला. केळीच्या पानातला चिकट भात खात, पोरांना हाकलत, ठराव होतात.

बेल्त्रान आपल्या बापाच्या थडग्यावर बसला आणि त्यानं टाळी वाजवली. "चला, हजेरी. मनांग, घे पट."

बारा सभासद आणि त्यांच्या मागं सगळं गाव. दफनभूमीच्या कुंपणाशी रिसॉर्टवाल्याचा माणूसही हात बांधून उभा होता. इलारियानं पट उघडला. तिच्या पिशवीत सात सह्यांचे कागद होते आणि आठवा कोरा.

हजेरीची एक रीत होती. सभासद हजर असला तर 'आहे' म्हणायचा. नसला तर घरचं कुणीतरी 'समुद्रावर' म्हणायचं. समुद्रावर असणाऱ्याला गैरहजेरीचा दंड नसे. मच्छीमारांचीच मंडळी, त्यांना ह्याहून योग्य कारण ते कुठलं? वादळाच्या पुढच्या वर्षी हजेरी घेताना पहिलं हरवलेलं नाव आलं, आणि त्याची आई सवयीनं म्हणून गेली, "समुद्रावर." मग दुसरं नाव आलं. मग तिसरं. कुणी ठरवलं नव्हतं. तेव्हापासून दर वर्षी चौदा वेळा तो शब्द दफनभूमीत ऐकू यायचा, आणि इलारिया चौदा वेळा तो लिहायची. त्यातला एक तिचा तीच म्हणायची आणि तीच लिहायची.

तिनं नावं वाचायला सुरुवात केली. तिथल्या रिवाजाप्रमाणं अध्यक्षाचं नाव पहिलं.

"क्रिसांतो बेलोनिओ."

लोला बिसिंग नवऱ्याच्या थडग्याला टेकून बसली होती, तिनं मान वर करून बघितलं.

'समुद्रावर' हा शब्द इलारियाच्या ओठांवर येऊन थांबला होता, सोपा, सवयीचा. तो म्हटला असता तर कुणी तिला दोष दिला नसता. पुळण गेली असती आणि तो राहिला असता. तिनं कुंपणाकडं बघितलं, मग खालच्या पुळणीकडं. लहान होड्या वाळूवर ओळीनं ओढून ठेवल्या होत्या. क्रिसांतोनं रिसॉर्टवाल्याला त्यांच्या एकाही दोराला हात लावू दिला नसता.

"वारला," ती म्हणाली.

आवाज बारीक निघाला. मागच्या माणसांना ऐकू गेला नसेल असं वाटून तिनं घसा साफ केला आणि पुन्हा म्हटलं, "क्रिसांतो बेलोनिओ वारला. वादळाच्या दिवशी. मी त्याची बायको सांगते."

मग तिनं पट मांडीवर ठेवला, कोरा कागद काढला आणि मोकळ्या जागेत त्याचं नाव लिहिलं. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं ह्याचं तिला वाईट वाटलं. सही केली. पलीकडं कोरासोन ओंजळीत तोंड घालून रडत होती. इलारिया रडली नाही. तिला पुढचं नाव वाचायचं होतं.

ती वाचत गेली. सह्या दिलेल्या सात घरांनी एकेक करून 'वारला' म्हटलं, कुणी मोठ्यानं, कुणी नुसत्या ओठांनी. मग दोमिनादोरचं नाव आलं.

लोला बिसिंगनं इलारियाकडं टक लावून बघितलं. "समुद्रावर," ती म्हणाली. आणि पुढं म्हणाली, "लिही. माझा अजून समुद्रावर आहे."

"लिहिते, लोला," इलारिया म्हणाली आणि तिनं लिहिलं. आठ नावं झाली होती. त्याहून जास्त तिला कुणाकडून नको होतं. उरलेल्या पाच घरांनीही म्हातारीच्या मागून 'समुद्रावर' म्हटलं आणि तिनं तेही पटावर घेतलं.

सभा भरली. अध्यक्ष म्हणून सगळ्यांनी बेल्त्रानचं नाव घेतलं, तेव्हा तो ताडकन उठला.

"मला नको. एकदा त्यानं माझी जागा घेतली. आता मी त्याची घेऊ?"

पाच वर्षांत हे त्याच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर आलं होतं. इलारिया त्याच्याकडं न बघता म्हणाली, "यादी मी लिहिली. नाव त्यानं बदललं. तू तापानं पडला होतास, तेवढंच केलंस. आता बस खाली आणि हो म्हण. महिना सरायच्या आत मला पाच कागद पुरे करायचेत."

बेल्त्रान बसला. त्यानं हो म्हटलं. कुंपणाजवळचा माणूस केव्हा निघून गेला ते कुणाला कळलं नाही.

त्याच महिन्यात ती आणि बेल्त्रान इलोइलोला गेले. ह्या वेळी ती पायऱ्यांवर बसली नाही. खिडकीमागच्या कारकून मुलीनं पाचही विवरणपत्रं तपासली, दंडाची पावती फाडली, शिक्के मारले. कमी करूनही दंड इंजिनाचे सगळे पैसे घेऊन गेला.

"झालं, मॅडम. आता तुमची मंडळी सुरळीत." मुलीनं जुनी नोटीस उचलली आणि लाल पेनानं अध्यक्षाच्या नावावर तिरकी रेघ मारली. "ही रद्द. फाडून टाकू?"

"नको," इलारिया म्हणाली. "मला द्या."

"पण हिचा आता काही उपयोग नाही."

"माहीत आहे."

मुलीला काय वाटलं कोण जाणे, तिनं नोटीस घडी घालून दिली. परतीच्या लाँचवर बेल्त्रान तोंडानं नवी जाळी घ्यायच्या गोष्टी करत होता आणि डोळ्यांनी पाणी बघत होता. इलारिया हं, हं म्हणत राहिली. गाव आलं तेव्हा पुळणीवर पोरं होड्या लावत होती आणि एपिफानिया दुकानातून ओरडली, "भरलं का गं?"

"भरलं," इलारिया म्हणाली.

घरी येऊन तिनं नोटीस बिस्किटांच्या डब्यात ठेवली. दिवेलागणीला भात टाकला. मापटं एकदा भरलं, थोडं थांबून दुसऱ्यांदा भरलं. भात झाल्यावर तिनं निळ्या काठाचं ताट घेतलं, त्यात भात वाढला, बाजूला त्याच्या आवडीची तळलेली तारली ठेवली. टेबलाकडं दोन पावलं गेली आणि वळली. भिंतीवर देवाची फळी होती, तिथं तिच्या आईबापांचे फोटो होते. ते तिनं जरा सरकवले आणि मधे जागा केली.

समोरच्या खिडकीत लोला बिसिंग सुपारी कुटत होती. तिचा खलबत्ता थांबला.

इलारियानं ताट फळीवर ठेवलं. झाकण तिच्या दुसऱ्या हातात होतं. ते तिनं धुतलं, पुसलं आणि खुंटीला टांगलं.